सफरचंदाचा म्हातारा

अरविंद काकांनी चौतीस वर्षं मॉन्ट्रियलच्या एका कारखान्यात पोलाद तापवलं आणि थंड केलं. किती अंशांवर किती मिनिटं, हे ते झोपेतही सांगायचे. रिटायर झाल्यावर सटनच्या डोंगरात राहायला आले आणि सफरचंदापुढे हरले.

अ‍ॅपलेशियन डोंगर क्वेबेकमध्ये इथवर पोचतात, आणि त्यांच्याबरोबर एक जुनी कलाही. सफरचंद सोलायचं, नाक-डोळे कोरायचे, लिंबू-मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि तीन-चार आठवडे टांगून ठेवायचं. वाळून सुरकुतलं की बाहुलीसाठी म्हातारा चेहरा तयार. चेहरा कसा, ते मात्र सफरचंद ठरवतं. काकांना हेच मान्य नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांनी व्हर्नियर कॅलिपरनं मापं घेत बारा डोकी कोरली आणि ओव्हनमध्ये वाळवली. ऑक्टोबरच्या जत्रेत बाहुल्या विकायला टेबल कुणाला द्यायचं हे मादाम जिनेट ठरवतात. चाळीस वर्षं बाहुल्या करणारी बाई. त्यांनी बाराही डोकी पाहिली.

"अरविंद, हे तर पासपोर्टचे फोटो."

टेबल गेलं. काका महिनाभर सफरचंदाला शिवले नाहीत.

या वर्षी काहीही करून टेबल मिळवायचंच होतं. पुन्हा बारा डोकी टांगली. रोज सकाळी वजन, आर्द्रता, एक्सेलमध्ये ग्राफ. पाचव्या दिवशी बर्नाबीहून लेकीचा, ईशानीचा फोन आला. नवीन घरात शिफ्ट होतेय, तीन आठवडे मदतीला या. काका निघाले, पण शीला काकूंच्या हातात चार पानी सूचना ठेवून.

काकूंनी पहिलं पान वाचलं आणि उरलेल्या पानांवर भाजी निवडली. डोकी हॉलमध्ये येता-जाता कपाळाला लागत होती, म्हणून उचलून शेगडीच्या वर टांगली.

काका परतले तेव्हा बाराही डोकी तपकिरी, वाकडी, एकासारखं दुसरं नाही. शिवाय हिंगाचा वास.

"शीला! फोडणीवर वाळवलीस?"

"अहो, वाळली ना? मग?"

"दुसरं पान वाचलंस का?"

"त्यावर मेथी होती."

नवीन डोकी वाळवायला वेळ नव्हता. काकांनी तोंड पाडून तीच डोकी मक्याच्या पाल्याच्या धडांवर बसवली आणि मादामपुढे मांडली. मादामनी एकेक उचललं, हुंगलं. सातव्याशी थांबल्या. खालचा ओठ पुढे, एक भुवई वर, जगात कुठेतरी नट ढिला आहे अशी खात्री असलेला चेहरा. त्यांनी बाहुलीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"टेबल तुमचं. पण हा पुढे बसणार."

"हा? हा खडूस कोण आहे?" काका खालचा ओठ पुढे काढत म्हणाले.

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

जत्रेत दिवसभर गर्दी त्याच टेबलाशी. लोक म्हाताऱ्याकडे बघत, मग काकांकडे, मग हळूच एकमेकांना कोपर मारत. दुपारपर्यंत काकांच्याही लक्षात आलं. त्यांनी म्हाताऱ्याची टोपी सरळ केली. तेवढ्यात एका बाईंनी त्याची किंमत विचारली.

"हा विकायचा नाही," काका घाईघाईनं म्हणाले.

"द्या हो," काकू म्हणाल्या. "ओरिजिनल घरी आहेच."