रेडिएटरची झडप

कोंढा गावच्या इश्वर आणि मनिष या भावांचा एक खेळ होता. थोरला इश्वर घरची धानाची शेती आणि ट्रॅक्टर बघायचा, मनिष पवनीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. दिवेलागणीनंतर दोघं मागच्या खोलीत दोन जुन्या कॉम्प्युटरपुढे बसत आणि महायुद्धातली लढाऊ विमानं उडवत. इश्वरचं विमान पुढे, मनिषचं त्याच्या मागे.

त्या खेळातली एक गोष्ट इश्वरला खटकायची. इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरला मागच्या बाजूने झडप असते. ती उघडली की आतून जास्त हवा वाहते आणि इंजिन निवतं, पण विमानाला मागे ओढ बसते, वेग पडतो. बंद केली की वेग मिळतो आणि इंजिन तापतं. खेळात मात्र झडप पूर्ण उघडी ठेवली तरी वेग जेमतेम कमी व्हायचा. सगळे खेळाडू ती उघडत आणि विसरून जात.

"फुकटात थंड होते काय कुठं इंजिन?" इश्वर म्हणायचा. "लिहून दे त्या कंपनीवाल्यायले."

मनिषने लिहिलं. एकाच उंचीवर सरळ उडून, आधी झडप बंद, मग उघडी, अशी रेकॉर्डिंग खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या चर्चापानावर टाकली. त्यावर वाद झाले. एका परदेशी खेळाडूने लिहिलं की तापलेली हवा जोरात मागे सुटते तेव्हा विमानाला थोडा पुढे रेटाही मिळतो, म्हणून ओढ वाटते तेवढी नसते. इश्वरला ते पटलं.

"मंग तेही टाका म्हणा. पण काही तं टाका."

कंपनीने उत्तर दिलं, बघतो.

रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत, शेताच्या बांधीत ट्रॅक्टरने चिखल करताना इश्वरवर वीज पडली. आभाळ फार भरलंही नव्हतं. फोन आला तेव्हा मनिष फळ्यावर लिहीत होता. त्याने हातातलं वाक्य पूर्ण केलं, खडू ठेवला आणि निघाला.

तेरवी झाली. रोवणी मजुरांनी उरकली. लोक मनिषला रडून घे म्हणाले, पण रडू येत नव्हतं. तो क्लासला जात राहिला. संध्याकाळी मागच्या खोलीत एकटाच उडे, कुणावर गोळी न झाडता. आई, गोदावरीबाई, ताट आणून ठेवायच्या. तो जेवायचा. भाजी कशाची होती ते त्याला सांगता आलं नसतं.

धान कापणीला आलं तेव्हा खेळाची नवी आवृत्ती आली. रेडिएटरची ओढ नव्याने बसवली होती, सुटणाऱ्या हवेच्या रेट्यासकट. ज्यांचे आभार मानले होते त्यांत मनिषचं नाव होतं. विमानं हळू झाली म्हणून बरेच खेळाडू चिडले होते. मनिषने विमान वर नेलं, झडप बंद ठेवली. पाण्याच्या तापमानाचा काटा चढला. झडप उघडली, वेग उतरला. सगळं बरोबर होतं. त्याला काहीच वाटलं नाही.

दारात शुभांगी उभी होती, इश्वरची बायको. नवरा गेल्यापासून ती या खोलीत आली नव्हती.

"भाऊजी, तुम्ही दोघं इथं काय करत होते, मले दाखवा."

त्याने तिला इश्वरच्या खुर्चीत बसवलं, विमान हवेत नेऊन दिलं आणि विमान वळवायची दांडी तिच्या हातात दिली. तिने विमानाचं नाक फार वर उचललं. विमान मंदावलं, काटा लाल रेषेला टेकला.

"आता?"

"हे बटण दाबा. झडप उघडते."

काटा खाली आला.

"आता वेग पडला, वैनी. थोडी बंद करा."

"काहून?"

"मागून कोणी आलं तं पकडते."

"आहे काय कोणी मागं?"

मनिषने पाहिलं. "नाही."

"मंग राहू द्या उघडी. मले घाई नाही."

ती बराच वेळ समुद्रावरून सरळ उडत राहिली. शेवटी विमान पाण्यात गेलं. तिने दांडी सोडली.

"हे झडपेचं ह्यायनंच सांगितलं होतं न?"

"हो. दादानंच."

"ते गेले, हे त्या लोकायले माहीत आहे काय?"

हे मनिषच्या डोक्यातच आलं नव्हतं. "नाही."

"लिहा न मंग."

त्याने तिथेच बसून चर्चापानावर लिहिलं: हा मुद्दा माझा नव्हता, माझ्या भावाचा होता. तो शेतकरी होता. रोवणीत वीज पडून गेला.

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली होती. शुभांगीने ती मोठ्याने वाचायला लावली. मनिष एकेक मराठीत सांगत गेला. आदल्या दिवशी चिडून शिव्या घालणाऱ्या एकाने विचारलं होतं, तुझा भाऊ कोणतं विमान उडवायचा? तिथे मनिष वाचायचा थांबला. गोदावरीबाई दाराशी येऊन खाली बसल्या.

"वाच न बापू," त्या म्हणाल्या. "आणखी काय म्हणून राहिले ते लोक?"

मनिषने पुढचं वाचलं.