चांगुणा कॅसेट्सचे धोंडीरामभाऊ

आमच्या शेजारचे धोंडीरामभाऊ सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होते. माझे यजमान रावजी त्याच खात्यात. कारखान्यात धोंडीरामभाऊंचं नाव हजेरीच्या कार्डाबाहेर कुणी फारसं घेतलं नाही. बाहेर मात्र सायखेड्यापासून पिंपळगाव बसवंतपर्यंत लोक त्यांना ओळखतात, ते त्यांच्या कॅसेट कंपनीमुळे.

चौऱ्याहत्तर साली त्यांनी बदली होऊन निघालेल्या एका सोबत्याकडून जुना टेपरेकॉर्डर घेतला. एप्रिलमध्ये आणि दसऱ्याच्या सुमाराला आमच्या वस्त्यांमधून भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्ट्यांचे कार्यक्रम होत. भाऊ मंचासमोर बसत, टेप मांडीवर, खाली टॉवेलची घडी. सगळे गाणाऱ्याकडे बघत आणि भाऊ टेपवरच्या, आवाजाबरोबर हलणाऱ्या काट्याकडे.

"धोंडीराम, गाणं ऐक की! काटा काय बघतोस?" लोक म्हणत.

"काटा ऐकतोय," भाऊ म्हणत.

मुंबईच्या रेकॉर्डी येत, त्या चांगल्याही असत. पण आपल्या गल्लीतला आवाज कुठल्याच रेकॉर्डीत नव्हता. म्हणून लोक भाऊंकडे कॅसेट घेऊन येऊ लागले, "यावर आमच्या बुधाचं गाणं भरून द्या" म्हणून. ब्याऐंशीपर्यंत त्यांच्या बाहेरच्या खोलीत चार डेक झाले. एकावर मूळ टेप लावायची, बाकी तिन्हींवर उतरवायची. मग त्यांनी रीतसर नाव घेतलं, चांगुणा कॅसेट्स. चांगुणा म्हणजे त्यांची आई. "आईच्या नावावर सातबारा नव्हता," ते म्हणाले, "निदान कंपनी असू द्या."

पण तोवर ते इतरांच्या कार्यक्रमांच्या नकलाच विकत होते. स्वतः बसवून, स्वतः ध्वनिमुद्रण करून काढलेली पहिली कॅसेट शहाऐंशी सालची, आणि तिच्यात माझी मुलगी विशाखा होती.

विशाखा तेव्हा नववीत होती. फकिरा ढोलकीवाल्यांच्या पार्टीत ती कोरसला उभी राहायची. एकदा पेटीचा सूर लागेना, लोक कंटाळले, तेव्हा हिनं ढोलकीच्या ठेक्यावर नुसतं बोलायला सुरुवात केली. चाल नाही, आलाप नाही. भरभर, ताल न सोडता:

भोंगा झाला, डबा झाला, नळाला नाही धार,
साहेब म्हणतो उद्या या, उद्या आहे रविवार!

"पोरी, गाणं म्हणतेस का पाढे?" मागून कुणीतरी ओरडलं. हिनं तोही माणूस पुढच्या ओळीत घेतला. मंडप हसून हसून वाकला. पुढच्या कार्यक्रमाला लोक आधीच विचारू लागले, पाढेवाली येणार आहे का?

मी हसले नाही. मी बी. ए. होऊन सरकारी कचेरीत कारकून झालेली बाई. "उद्या या" हे आम्हीच लोकांना सांगत असू. मंडपात बोललेलं मंडपात राहतं, पण कॅसेट कुठंही जाते. साहेबांच्या घरी जाईल, शाळेत जाईल, पानाच्या टपरीवर वाजेल, आणि मुलगी शाळेतून येताना टपरीवरची पोरं तिला नावानं हाक मारतील. पुढं तिला नोकरी बघायची होती, स्थळ बघायचं होतं. म्हणून धोंडीरामभाऊ विचारायला आले तेव्हा मी एकच अट घातली. तिचं नाव कुठंही येता कामा नये. ना वेष्टनावर, ना टेपवर.

"दिला शब्द, वहिनी," भाऊ म्हणाले.

ध्वनिमुद्रण शनिवारी झालं, कारण सातपूरला सुट्टी शनिवारची. त्या दिवशी प्रेस मशिनी बंद असतात. एका ओळखीच्या शेडमध्ये भिंतींना गोधड्या लावून मधे माईक ठेवला. पहिले चार प्रयत्न फसले. पाचव्यांदा विशाखा अशी बोलली की रावजींनी मला नंतर सांगितलं, "इंदिरा, ती आपली वाटतच नव्हती." तो प्रयत्न संपला आणि तिचा घसा बसला.

पण त्यातच घोटाळा होता. गायन पार्टीची एक रीत असते. कार्यक्रम रंगात आला की ढोलकी न थांबवता कलाकाराची ओळख करून द्यायची, आईबापांसकट, गावासकट. फकिराभाऊंनी तीस वर्षं तेच केलेलं. समोर प्रेक्षक नाहीत, गोधड्या आहेत, याचं त्यांना भानच राहिलं नाही. मध्यावर ठेका चालू ठेवून त्यांनी खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "बोलती हाय रावजी आणि इंदिराबाईंची लेक विशाखा, नववी ब, राहणार सातपूर, जयभीम!"

यातलं मला तेव्हा कुणीच काही सांगितलं नाही. चौदा एप्रिल बारा दिवसांवर आला होता, आणि मुलीचा घसा महिनाभर तरी सुधारणार नव्हता. धोंडीरामभाऊंनी मूळ टेप लावली, माईकची वायर काढली आणि तेवढ्या जागी रेकॉर्डचं बटण दाबून धरलं. नाव पुसलं गेलं. त्याबरोबर ढोलकीही गेली. सहा सेकंद नुसती शांतता. ठेका पुन्हा भरायला शेड पुढच्या शनिवारीच मिळणार, आणि तेवढं थांबलं तर कॅसेटी वेळेत उतरणार नव्हत्या. त्याच टेपवरून तीनशे कॅसेटी उतरल्या आणि गावोगावच्या स्टॉलवर गेल्या.

आठवड्यानं पिंपळगावच्या स्टॉलवाल्या लंकाबाई पिशवी घेऊन आल्या. मी तेव्हा भाऊंच्या घरी होते. त्यांनी पिशवी जमिनीवर उपडी केली.

"भाऊ, तुमची पोरगी लय झ्याक बोलती. पन मधीच मरती की वो!"

"मरत नाही बाई. सहा सेकंदांनी परत येते."

"तवर गिऱ्हाईक जातं ना! समद्यांनी परत आनून दिल्या. टेप बिघडल्याली हाय म्हन्त्यात."

"बिघडलेली नाही. तशीच ठेवली आहे."

"मुद्दाम? मग पुढल्या टायमाला चांगुणाचा माल माझ्या स्टॉलवर नगं."

लंकाबाई चहा न घेता गेल्या. सिन्नरहून, निफाडहून तेच आलं. भाऊ परत आलेल्या कॅसेटी भिंतीशी रचत होते. मी विचारलं, असं कसं झालं? ते म्हणाले, "होतं कधीकधी, वहिनी." दोन दिवसांनी रावजींकडून कळलं की भाऊ डेकना गिऱ्हाईक शोधताहेत. पहिलाच माल परत आलेल्या कंपनीचा दुसरा माल कोण ठेवणार?

त्या संध्याकाळी मी घरी बोलले, की भाऊंना मशिनीतलं कळतं, धंद्यातलं नाही. विशाखा भाजी निवडत होती. तिचा घसा अजून खरखरत होता.

"आई, तिथं माझं नाव होतं," ती म्हणाली. "काकांनी तुझ्यासाठी पुसलं."

मी तशीच शेजारी गेले. म्हटलं, भाऊ, मला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तुम्ही भिडेखातर हो म्हणाला असतात. भिडेखातर दिलेलं मला नको होतं."

"मग आता परत घाला ते नाव."

"पुसलेलं येत नाही परत. आणि वहिनी, भीती गेली का तुमची?"

"नाही गेली," मी म्हटलं. खरंच गेली नव्हती. "पण मुलीला गप्प करून काही मी निर्धास्त झाले नाही."

त्या सहा सेकंदांत कुणीतरी नव्यानं बोलायला हवं होतं. फकिराभाऊ म्हणाले, "आता मी तोंड उघडनार नाय. ज्यांची पोरगी त्यांनी बोलावं." रावजी माईक बघूनच मागं सरले. राहिले मी. भाऊंनी बजावलं, सहाच्या पुढं एक शब्द गेला तर विशाखाची पुढची ओळ पुसली जाईल, आणि ती ओळ जगात एवढ्याच टेपवर आहे.

शनिवारी पुन्हा त्याच शेडमध्ये गेलो. फकिराभाऊंनी ठेका धरला. भाऊंनी बोटानं खूण केली आणि मी म्हटलं, "ही माझी मुलगी विशाखा. मी इंदिरा रावजी. आम्ही सातपूरला राहतो." बटण उचललं गेलं. लगेच पुढं मुलीचा आवाज आला, पूर्ण, अगदी पहिल्या अक्षरापासून.

माझा आवाज आवक-जावक नोंदवल्यासारखा कोरडा आला होता. लंकाबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ही मधी कोन मास्तरीण घुसली?" पण नव्यानं भरलेल्या कॅसेटी त्यांनी परत नेल्या आणि महिन्याभरात आणखी मागवल्या. त्या मधल्या बाईची नक्कल पोरं रस्त्यात करत. टपरीवाल्या पोरांनी विशाखाला नावानं हाक मारलीच, मला भीती होती तशीच. मी आठ महिने तिला शाळेत सोडायला गेले. साहेबांनीही ऐकलं. बढतीच्या यादीत त्या वर्षी माझं नाव नव्हतं. कारण तेच होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

गेल्या तीन वर्षांत चांगुणाच्या अकरा कॅसेटी निघाल्या. भाऊंनी आता स्वतःचा नियम केला आहे. शाळेतली मुलगी असेल तर तिच्या आईनं येऊन माईकवर तिचं नाव स्वतः सांगायचं, नाहीतर ध्वनिमुद्रण नाही. सायखेड्याच्या यशोदाबाई गेल्या हिवाळ्यात लेकीला घेऊन आल्या. माईकसमोर उभ्या राहिल्या आणि शब्दच फुटेना. भाऊंनी टेप थांबवली, चहा मागवला, पुढच्या शनिवारी या म्हणाले. पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी बाई दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, मशिन चालू करा आधी, उभी राहिले की शब्द अडतो, मी चालत चालतच बोलते." भाऊंनी धावत जाऊन बटण दाबलं.