हरवलेले चौदा महिने

दवाखान्यात त्याला सगळे कुलूप म्हणायचे, कारण चहाच्या टेबलावरही त्याच्या तोंडून चार शब्द निघायचे नाहीत. एकोणीस वर्षं तो तिथला डेटाबेस सांभाळत होता. कुणाला कोणतं औषध किती दिलं, तपासणीत काय निघालं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं त्यातच. वॉर्डांना सुट्टी नसते, त्यामुळे डेटाबेस थांबवता यायचा नाही. नोंदी चालू असतानाच त्याची नक्कल, म्हणजे बॅकअप, घ्यायची. तेवढ्या वेळात झालेल्या बदलांची एक वेगळी यादी बनायची आणि ती जोडली तरच नक्कल पुरी व्हायची.

मध्यंतरी जागा कमी पडली म्हणून त्याने ती यादी दुसऱ्या डिस्कवर हलवली. नक्कल घेणाऱ्या प्रोग्रामला नवी जागा सांगायची तेवढी राहून गेली. प्रोग्रामने कुरकूर केली नाही. रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा निरोप यायचा आणि कुलूप निर्धास्त व्हायचा.

नकला उघडून बघायला वेगळं मशीन हवं, असं त्याने अधीक्षकबाईंना दोनदा लिहून दिलं होतं. चालतंय तर चालू द्या, असा शेरा मारून कागद परत आला. पण अडगळीच्या खोलीत एक जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. त्यावर जमलं असतं. आज करू, उद्या करू, असं म्हणत राहून गेलं.

एका मंगळवारी भर अकरा वाजता वीजपुरवठ्यात बिघाड होऊन दोन्ही डिस्क एकदम जळाल्या. संध्याकाळपर्यंत सगळं परत येईल, असं त्याने परिचारिकांना सांगितलं. कालची नक्कल उघडेना. अर्ध्या नोंदी जुन्या, अर्ध्या नव्या. परवाचीही तशीच. तीन दिवस तो एकेक नक्कल मागे जात राहिला. शेवटी चौदा महिन्यांपूर्वीची, यादी हलवण्याआधीची एक नीट उघडली.

अधीक्षकबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. "विजेमुळे झालं एवढंच लिहा."

"विजेने फक्त डिस्क गेल्या," तो म्हणाला. "नकला माझ्यामुळे गेल्या."

त्याने तसंच लिहून दिलं. घरी सांगितलं तेव्हा बायको शिवणयंत्रावर होती. त्या दिवशी तिने पुढे शिवलं नाही.

मग फोन सुरू झाले. घरात जुने कागद असतील तर घेऊन या, असं तो एकेका पेशंटला विनवायचा. बहुतेकांनी ते टाकून दिले होते. हजारो नोंदींतल्या जेमतेम चारशे जुळल्या.

एका बाईने भावाचा फोन उचलला आणि तो उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच याच दवाखान्यात वारला, असं सांगितलं.

"बरं झालं तुम्हीच फोन केलात," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी त्याला काय काय दिलं होतं, ते मला विचारायचं होतं. आई रोज विचारते, त्याला त्रास झाला का म्हणून."

कुलूप समोरच्या पडद्याकडे बघत राहिला. तिथे भावाचं नाव होतं, जन्मतारीख होती, आणि खाली काहीच नव्हतं.

"आमच्याकडे ते राहिलेलं नाही, ताई," तो म्हणाला.

मग तिने फोन ठेवला.

महिन्याभरात डेटाबेसचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं आणि कुलूपला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. तिथे तो हाताने नावं लिहितो. कुणी काही विचारलं तर सांगतो, पण फोनवरची ती बाई मात्र कधी त्या खिडकीवर आली नाही.