युरोपचा खांब, आमचा खांब

फेटा मीच बांधला, याचा मला अजून राग येतो. रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या आम्हा छोट्या कारखानदारांच्या बैठकीला पुण्याहून एक सल्लागार आले होते. पाहुणा आला की आधी फेटा, नारळ, मग भाषण, ही आमच्या कोल्हापूरची रीत. तो काय बोलणार, हे आधी कोण विचारतो? आणि एकदा आपल्या हातानं फेटा बांधला, की त्या माणसाला चारचौघांत झापताही येत नाही.

साहेबांनी पडद्यावर आलेखाचे दोन खांब दाखवले. एक युरोपच्या नैसर्गिक रबराच्या आयातीचा, दुसरा भारताच्या. युरोपात रबराचे मळे नाहीत, सगळं बाहेरून येतं, तरी कौतुक त्यांचंच. का, तर जंगल तोडून लावलेल्या झाडाचं रबर त्यांना नको, म्हणून झाड कुठल्या जमिनीत होतं हे ते आता नव्या कायद्यानं विचारणार. "आणि आपण? केरळात रबर पिकतं, तरी बाहेरून आणतो. कुठून आणलं, तेही सांगता येत नाही," असं म्हणून साहेब हसले.

माझं डोकंच सणकलं. जंगल राहावं असं मलाही वाटतं, पण हिशेब तरी सरळ मांडा! गडमुडशिंगीच्या शेडमध्ये दादा आणि मी यंत्रांचे रबरी बुश बनवतो, हादरे सोसणारी जाड कडी. एका मोठ्या कंपनीमार्फत ती युरोपातच जातात. म्हणजे रबर मोजलं आमच्या खांबात आणि वापरलं त्यांनी. मी उठून एवढंच बोललो. साहेब म्हणाले, "मुद्दा चांगला आहे, चहाच्या वेळी बोलू." चहाच्या वेळी ते फोटो काढून घेत होते.

पुढच्याच महिन्यात कंपनीचा निरोप आला. झाडांचा ठावठिकाणा द्या, नाहीतर ऑर्डर बंद. आम्ही रबर व्यापाऱ्याकडून घेतो. त्यात केरळचंही असतं आणि जहाजानं आलेलंही, आणि आमच्या यंत्रात सगळं एकत्र मळलं जातं. समोरची भाकरी कुठल्या वावरातल्या ज्वारीची, ते सांगा म्हणण्यातला प्रकार. व्यापाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "पावणं, झाडाचा पत्ता मागताय व्हय? मला माझ्या गोडाऊनचा तेवढा ठाऊक हाय." दादा हसला. मला त्या फोनवरच दोन शिव्या हासडाव्याशा वाटल्या.

बुशाच्या कडेला निघालेलं जादा रबर कापायला गावातल्या बायका येतात. पत्ता काही मिळाला नाही, ऑर्डर थांबली, आणि सोमवारपासून येऊ नका, हे त्यांना सांगायची वेळ माझ्यावर आली. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या मावशींनी पेटीतला एक बुश उचलला आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"कटिंगमधी काय चुकलं व्हय आमचं?"

"न्हाय मावशी. तुमचं काय बी चुकलं न्हाय."

"मग?"

मी युरोप, झाडं, नवा कायदा, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते पटलं नाही. काही चुकल्याशिवाय कुणी चालू काम कशाला बंद करील? त्या खाली बसल्या, कात्री घेतली आणि त्याच बुशाची कड पुन्हा कापायला लागल्या.

"ह्यो न्या दाखवायला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ह्यात खोट काढा म्हणावं."