हांड्यावर कोरलेलं नाव

आई जाऊन एकवीस दिवस झाले होते. मी पुन्हा गावाहून मुखेडच्या बसनं तहसील कचेरीत जाऊ लागले होते. माणसांशी बोलणं नको वाटायचं. कचेरीतला जुना कॉम्प्युटर बरा वाटे. तो सांत्वन करत नसे.

त्या वर्षी दुष्काळ होता. उद्या कोणत्या गावांना टँकर हवा, ती यादी रोज पाचच्या आत त्या मशीनवरून जिल्ह्याला पाठवणं माझं काम. यादी राहिली की गावांची खेप राहिली. त्यात माझंही गाव होतं.

मशीनला नेटवर्कची दोन कार्डं होती. एक जिल्ह्याच्या लाईनचं, दुसरं कचेरीतल्या वायरींचं. दुसरं जळालं म्हणून दुपारी मी वेगळ्या बनावटीचं नवं कार्ड बसवलं. दोन्हींचे दिवे लागले, पण जिल्हा लागेना. वायरी बदलल्या, कार्ड काढून परत बसवलं. चार वाजून गेले.

"ताई, यादी गेली का?" शिपाईमामांनी विचारलं.

"नाही."

"नवा जिल्हा द्या म्हणून लोक मोर्चे काढायलेत, अन् हाय त्या जिल्ह्याला आपला कागद पोचंना!"

तेवढ्यात बाहेर कालवा झाला. भिंतीलगत हांड्यांची रांग होती, आणि टँकर रोजच्या टोकाला न थांबता उलट्या टोकाला थांबला होता. तिकडचा हांडा आधी भरला. रोज पहिल्या नंबरवर असणाऱ्या बाईनं सवयीनं धावत येऊन तोच उचलला.

"ठिव खाली!" एक म्हातारी ओरडली.

"पहिला नंबर माझा हाय, मावशे!"

"नंबर घाल चुलीत! हांडा माझा हाय. काठावरचं नाव वाच की!"

मी खिडकीतून ऐकत होते आणि एकदम उभी राहिले.

मशीन सुरू होताना त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, कार्डं शोधतो. ज्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, आधी जागा होईल, त्या कार्डाला तो 'ईथ-झीरो' म्हणतो, पुढच्याला 'ईथ-वन'. हे नाव म्हणजे रांगेतली जागा. नवं कार्ड आधी सापडलं आणि झीरो होऊन बसलं. जिल्ह्याचा पत्ता मी झीरोच्या नावानं लिहून ठेवलेला; तो आता भलत्याच कार्डाच्या गळ्यात पडला होता! पण प्रत्येक कार्डावर कारखान्यातूनच एक क्रमांक कोरून येतो. तो रांगेबरोबर बदलत नाही.

"मामा, सापडलं!"

"काय सापडलं?"

"हांडा!"

मामा माझ्याकडे बघतच राहिले. एकवीस दिवसांत माझा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. मी दोन्ही कार्डांचे क्रमांक वाचले, सेटिंगच्या फाईलमध्ये प्रत्येक नावापुढे त्या-त्या कार्डाचा क्रमांक टाकला आणि मशीन बंद करून चालू केलं.

जिल्हा लागला. पाच वाजायला सात मिनिटं असताना यादी गेली. मी चक्क टाळी वाजवली.

घरी आल्यावर फळीवर पालथा पडलेला आईचा हांडा काढला. ती गेल्यापासून मी प्लास्टिकची घागर वापरत होते. चिंच लावून हांडा घासला, तसं काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव उजळलं. उजाडायच्या आत तो गावातल्या टँकरच्या रांगेत नेऊन ठेवला.

टँकर कोणत्या बाजूनं येईल, याची मला मुळीच फिकीर नव्हती.