दोघं गेली, मुकादम राहिली

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवायचा. सगळ्यात शेवटी ती कवळी माझ्याकडे येते, पॉलिशला. माझ्या समोरच्या टेबलावर दात बसवायला जी मुलगी बसायची, तिची ही गोष्ट. तिला सगळे मुकादम म्हणायचे.

हे नाव आमचं नव्हे. तिच्या दोन शाळासोबत्यांनी ते ठेवलेलं. शाळेच्या सहलीला बसमध्ये कोणी कुठे बसायचं, पाण्याच्या बाटल्या कोणी उचलायच्या, हे बाईंच्या आधी हीच ठरवून मोकळी व्हायची. सोबत्यांपैकी एक लंबू, बँकेत कर्जाचे अर्ज तपासायचा. दुसरी चिमणी. ती मोबाइलच्या दुकानात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि रात्री त्या या दोघांना ऐकवायची. तिघांनीही तिशी जवळ आली तरी लग्नाचं नाव काढलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं. नोकऱ्या सोडायच्या, पाठीवर पिशव्या टाकायच्या आणि वर्षभर जग फिरायचं.

अशी खुळं पुष्कळांच्या डोक्यात येतात आणि चहाबरोबर विरघळून जातात. या तिघांचं तसं झालं नाही, कारण मुकादम. कुठल्या देशातून कुठल्या देशात कसं शिरायचं, कुठली बस कुठल्या फलाटावरून सुटते, स्वस्तातली राहायची जागा स्टेशनातून बाहेर पडल्यावर डावीकडे की उजवीकडे, सगळं हिला तोंडपाठ. ज्या गावात पाय ठेवला नाही त्या गावातले चौक ही मला जेवणाच्या सुट्टीत सांगायची. घरी भरलेली पिशवी पाठीवर घेऊन जिने चढायची-उतरायची, सवय व्हावी म्हणून. तिचा दादा म्हणायचा, "घरातल्या घरात कुठे निघालात प्रवासी?" वहिनी हसायची. हीही हसायची, पण जिने सोडायची नाही.

व्हिसाचे अर्जही तिनेच भरले. आधी लंबूचा, मग चिमणीचा. लंबूचे कागद कधी पुरे नसायचे आणि चिमणी फोटो काढायला पाठवली की डोळे मिटून यायची. त्या दोघांच्या मागे धावता धावता हिचा स्वतःचा अर्ज राहिला. तोवर राजीनाम्याची तारीख आली. आमच्या साहेबांनी तिच्या जागी एक मुलगी घेतली होती, कुरळ्या केसांची, म्हणून आम्ही तिला कुरळी म्हणायला लागलो. मुकादमनेच तिला हाताला धरून दात बसवायला शिकवलं. शेवटच्या दिवशी तिने आपलं मेण कापायचं पातं कुरळीला देऊन टाकलं. निघताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "काकू, सुटले बाई!"

आणि मग अर्ज भरला. त्यात सध्याची नोकरी असं विचारलं होतं. हिने खरं ते लिहिलं, नोकरी सोडली.

दोघांचा व्हिसा आला. हिचा नाकारला. तुम्ही परत याल याची खात्री पटत नाही, असं काहीतरी छापील उत्तर. लंबू आणि चिमणीने अर्ज केला तेव्हा दोघं नोकरीत होती, त्यांच्याबद्दल खात्री पटली. आणि जिने त्यांच्याकडून वेळेत अर्ज भरून घेतले, तिच्यावरच तिकडच्या साहेबाचा विश्वास बसेना!

तिघं दादाच्या घरी बसली. चिमणी रडली. लंबू म्हणाला, "आम्ही थांबतो ना. तुझं होईपर्यंत थांबू."

हे तिने मला नंतर सांगितलं तेव्हा त्याची नक्कल करून दाखवली. थांबतो म्हणताना तो गुडघा हलवत होता आणि डोळे पिशवीकडे.

"तुम्ही व्हा पुढे," ही म्हणाली. "मी पुन्हा अर्ज करते. महिन्याभरात गाठते तुम्हाला. फक्त ते मिठाचं मैदान माझ्याशिवाय बघायचं नाही."

मिठाचं मैदान म्हणजे नजर पोचेल तिथवर पांढरी सपाट जमीन, आणि पाऊस पडून गेला की तिच्यात आख्खं आभाळ दिसतं. शाळेत असल्यापासून तिच्या कपाटाच्या दाराला आतून त्याचं चित्र चिकटवलेलं होतं. सगळा मार्ग तिने त्या मैदानाभोवतीच आखला होता. दोघांनी शपथा घेतल्या आणि गेली.

पुन्हा अर्ज करायचा तर नोकरी दाखवायला हवी. म्हणून ती साहेबांकडे आली. साहेब वाईट माणूस नाहीत, पण फायदा कुठे आहे ते त्यांना झोपेतही कळतं. म्हणाले, "ये की. पण दात बसवायला आता कुरळी आहे. तू प्लास्टरला बस."

प्लास्टरच्या टेबलावर आमच्याकडे नवशिकी पोरं बसतात. हिने हातांना कोपरापर्यंत पांढरं फासून साचे ओतायला सुरुवात केली. कुरळी तशी गुणाची, ताई ताई करायची, पण काम तपासायचा हक्क आता तिच्याकडे होता. "ताई, या साच्यात बुडबुडा राहिलाय, परत ओतता का?" असं ती अगदी मऊ आवाजात म्हणायची. मुकादम परत ओतायची. वाडगा मात्र टेबलावर आपटायची.

त्यात फोन. दोघांचे रोज फोन.

"मुकादम, आम्ही स्टेशनबाहेर उभे आहोत. आता कुठे?"

"समोर कारंजं दिसतंय का? त्याला पाठ करून उभे राहा. सरळ चालत जा, औषधाच्या दुकानापाशी वळा."

"कारंजं बंद आहे गं."

"बंद असलं तरी कारंजंच आहे ना ते!"

मी पॉलिशची मोटर थांबवून ऐकत बसायचे. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. इकडे ही प्लास्टर ढवळतेय आणि तिकडे दोन माणसं कुठल्याशा परक्या रस्त्यावर हिच्या शब्दावर डावी-उजवीकडे वळताहेत. सुरुवातीला तिलाही बरं वाटत असावं. पण हळूहळू फोनमधलं "तू कधी येतेयस" कमी झालं आणि नुसतं "आता कुठे" उरलं.

एकदा अशीच चिमणीची बस चुकली. ही फोनवर बोलत राहिली आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांचं माप टेबलावर उघडं पडून राहिलं. ते माप हवेवर सुकलं की आकसतं. हिने तसंच त्यात प्लास्टर ओतलं. पुढे कवळी तयार झाली, मी ती चकचकीत पॉलिश केली, आणि ती त्या बिचाऱ्यांच्या तोंडात बसेचना. त्यांना पुन्हा मापाला यावं लागलं, डॉक्टरांनी साहेबांना झापलं, साहेबांनी हिला. सगळ्यांसमोर.

"जग फिरायचं तर फिर," साहेब म्हणाले, "पण माझ्या टेबलावरून नको."

कुरळी नंतर तिच्याजवळ गेली. "ताई, फोन ड्रॉवरमध्ये ठेवत जा ना."

"ड्रॉवरमध्ये मलाच ठेव," मुकादम म्हणाली.

दुसरा अर्जही नाकारला गेला. नोकरीला लागून फार दिवस झाले नाहीत, म्हणे. तिने ते मला जिन्यात सांगितलं. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी म्हटलं, "अगं, एकदा रडून तरी घे." तर म्हणाली, "कोणावर रडू काकू? समोर कोणी असायला तर हवं."

समोर कोणीतरी आलं त्यानंतर थोड्याच दिवसांनी. जेवणाच्या सुट्टीत तिने फोन उघडला आणि घास हातातच राहिला. फोटो होता. खाली आभाळ, वर आभाळ, आणि मधोमध लंबू नि चिमणी हात पसरून उडी मारताहेत.

तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"मिठाच्या मैदानावर गेलात?"

"अगं, ठरवून नाही," चिमणी म्हणाली. "एक बस तिकडेच चालली होती, सगळे चालले होते..."

"सगळे कोण?"

"हॉस्टेलमधले. लंबू म्हणाला, परत इतक्या लांब येणं काही व्हायचं नाही. तू आलीस की आपण पुन्हा जाऊ ना!"

"आत्ताच म्हणालीस, परत येणं व्हायचं नाही."

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. मग लंबूचा आवाज. "मुकादम, चिडू नकोस यार. तुझी खूप आठवण काढली आम्ही तिथे. बरं, ऐक ना, इथून पुढची बस..."

"मी मुकादम नाही तुमची," ही ओरडली. आख्खी लॅब वळून बघायला लागली. "मी चौकशीची खिडकी आहे! खिडकी बंद झाली. बोर्ड लावलाय. दुसरीकडे विचारा!"

आणि फोन ठेवला. डबा तसाच झाकला. दुपारभर तिने इतके साचे ओतले की वाळवायला जागा पुरेना.

तिला वाटलं होतं, आता यांची भंबेरी उडेल. दोन दिवसांत गयावया करत फोन येईल. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्यांचं काहीसुद्धा अडलं नाही. बसा मिळत गेल्या, खोल्या मिळत गेल्या, फोटो येत राहिले. हिने कधी न ऐकलेल्या गावांचे फोटो. मला वाटतं मिठाच्या मैदानापेक्षा हेच तिला जास्त लागलं. "म्हणजे माझी गरज नव्हतीच," ती म्हणाली. "नुसता आळस होता त्यांचा."

घरीही तिचं कोणाशी पटेना. वहिनीने सहज म्हटलं, "नाहीतरी आता इथेच आहेस, तर त्या स्थळाला एकदा भेटून तर बघ." त्यावर ही आठवडाभर वहिनीशी धड बोलली नाही. दादाने समजूत घालायचा प्रयत्न केला, त्यालाही ऐकून घ्यावं लागलं. प्रवासाची पिशवी पलंगाखाली होती, झाडताना तिला केरसुणी लागली की हिच्या कपाळावर आठी.

वर्ष पुरं व्हायच्या आधीच त्या दोघांचंही फाटलं. कशावरून, हे दोघं वेगवेगळं सांगतात. चिमणी तिकडेच एका हॉटेलात कामाला राहिली. लंबू परतला, आणि परत येताच त्याला आधीपेक्षा चांगली नोकरी लागली. मुलाखतीत जग फिरून आल्याचं फार कौतुक झालं म्हणे.

एका संध्याकाळी तो लॅबच्या दारात उभा. काळा झालेला, दाढी वाढलेली. हिला एक छोटी मिठाची बाटली दिली. मी आवरत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तू आली नाहीस ते एका अर्थी बरंच झालं. फार हाल असतात गं. ढेकूण काय, पोट बिघडणं काय, भांडणं काय. तुला नसतं झेपलं."

तिचे हात अजून प्लास्टरने भरलेले होते. तिने ती बाटली टेबलावर ठेवली.

"ढेकूण माझे होते," ती म्हणाली.

"काय?"

"ते हाल माझेही होते. मी वर्षभर जिने चढले त्यासाठी. काय झेपलं असतं नि काय नाही, ते मला कळायला हवं होतं, तुला नाही. आणि तुझा अर्ज मी भरला नसता ना, तर तू आजही बँकेतच बसला असतास. एवढं तरी त्या मुलाखतीत सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "सॉरी गं," तो म्हणाला, आणि थोडा वेळ उगाच उभा राहून गेला. बाटली तिने मला दिली. मी काय करणार, नेऊन भाजीत घातलं. मीठ ते मीठच.

तिसऱ्या अर्जाला व्हिसा आला. आता नोकरी जुनी झाली होती, रजेचं पत्र होतं, परत येण्याची खात्री पटायला सगळं होतं. पण रजा पंधरा दिवसांची, म्हणून व्हिसाही तेवढाच. मिठाचं मैदान त्यात बसत नव्हतं, जाण्यायेण्यातच अर्धे दिवस संपले असते. ती एकाच शहरात गेली, एकटी. चिमणी जवळच होती, तिला कळवलंसुद्धा नाही.

परत आली तेव्हा मी विचारलं, "कसं होतं?"

"छान होतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "रस्ते आत्ता कुठे पायाखालचे झाले होते, तोवर विमानात बसायची वेळ झाली. त्याचा राग आला."

दात बसवायचं टेबल तिने भांडून परत मिळवलंय, आता ती नि कुरळी शेजारी शेजारी बसतात. तिचं मागणं एकच आहे. बिनपगारी तीन महिन्यांची रजा, आणि परत आल्यावर हेच टेबल. साहेब नाही म्हणतात. ती दर सोमवारी केबिनमध्ये जाते, आतून दोघांचे चढलेले आवाज येतात, आणि ती दार आपटून बाहेर येते. या सोमवारीही गेली होती. साहेब म्हणाले, दोन महिन्यांचा विचार करतो. ती म्हणाली, विचार तीन महिन्यांचा करा. आणि येऊन मेण तापवायला बसली.