टायपिंगच्या सरांची घंटी

महाडच्या आमच्या टायपिंग क्लासचे सर स्वतः कधी मशीनला हात लावत नसत. संधिवातानं त्यांची बोटं सुजून वाकडी झाली होती. त्याच बोटांत पट्टी धरून ते टेबलावर ताल द्यायचे. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते. सर मात्र मधूनच ओरडायचे, "घंटी झाली! ओळ बदला!"

"सर, अर्धी ओळ बाकी हाय अजून," पोलादपूरहून येणारी वसू म्हणायची, आणि सगळा क्लास हसायचा. मी हसत नसे. मला तिथं तोंड उघडायचाच संकोच वाटे.

बहुधा म्हणूनच एकदा ते माझ्या मशीनपाशी वाकून हळूच म्हणाले, "आत्ता वाजली ती तुझी का?"

"नाही, सर."

"मग संधिवाताच्या गोळ्यांची. कानात सारखी वाजते. कान वाजायला लागले की सांगा, गोळ्या कमी करू, असं डॉक्टर म्हणाले होते. पण कमी केल्या तर सकाळी शर्टाची बटणं कोण लावणार?"

"सर, तरी सांगून टाका त्यांना," मी म्हणाले. क्लासात मी बोललेलं ते सर्वांत लांब वाक्य असेल.

सर पट्टी आपटत पुढे गेले.

पुढच्या आठवड्यात कडक इस्त्रीच्या शर्टाऐवजी ते मुंबईच्या भाच्याचा बिनबटणांचा टी-शर्ट घालून आले. छातीवर भलीमोठी टेनिसची रॅकेट होती.

"सर, आज मॅच हाय का?" वसूनं विचारलं.

"गप गो! तुझी घंटी वाजली, ओळ बदल."

खरंच वाजली होती.